२२ चं बेअरिंग २२ च्या पॉकेटमध्ये का बसेना: घरगुती सीएनसीचं एक प्रकरण

प्रकरण ऐकायला अगदी साधं आहे. एका मित्राला कॅमेरा स्लायडरसाठी १२ एमएम प्लायची एक प्लेट कापायची होती. १२० बाय ८० ची प्लेट, त्यात दोन ६०८ बेअरिंग बसतील अशी ७ एमएम खोल गोल पॉकेट्स (आरपार न जाणारे खड्डे), एम५ बोल्टसाठी चार भोकं आणि बाहेरून गोल कोपरे, बस. ६०८ म्हणजे स्केटिंगच्या चाकात असतं ते बेअरिंग, बाहेरून २२, आतून ८, जाडी ७ एमएम. ड्रॉइंगमध्ये पॉकेट २२ चं काढलं, घरच्या सीएनसी राउटरवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आज्ञेप्रमाणे फिरतं बिट (कापणारं टूल) हलवणाऱ्या मशीनवर कापलं, बेअरिंग आत जाईना. मग ड्रॉइंगमध्ये २२.२ केलं, परत कापलं, बेअरिंग अंगठ्याने दाबून मस्त बसलं, हा खूश. पुढे बिट तुटलं, दुसरं लावलं, तीच फाइल दुसऱ्या प्लेटसाठी चालवली आणि या वेळी बेअरिंग पॉकेटमध्ये खुळखुळायला लागलं. फाइल तीच, मशीन तेच, प्लायसुद्धा त्याच शीटचा. तेव्हा त्याने मला फोन केला आणि पहिलं वाक्य होतं, "अरे, या सॉफ्टवेअरमध्ये बग आहे."

बग नव्हता. पण तो तसं का म्हणाला ते समजून घ्यायला थोडी मागची हकीकत सांगायला हवी, कारण घरी बसून कॅड-कॅम (कॅडमध्ये वस्तूचं ड्रॉइंग, कॅममध्ये त्यावरून बिटचा मार्ग) शिकणारे बरेच जण याच वाटेने येतात आणि याच जागी अडकतात.

हा माणूस हिशेबाच्या कामातला, मशीनशी संबंध फक्त थ्रीडी प्रिंटरचा. प्रिंटिंगमध्ये त्याचा हात चांगला बसला होता आणि प्रिंटिंगची एक सवय त्याच्या अंगात मुरली होती ती म्हणजे भोकं जरा मोठीच काढायची. प्रिंट केलेली भोकं बहुतेक वेळा थोडी लहान येतात, त्यामुळे ८ चं भोक हवं असेल तर ड्रॉइंगमध्येच ८.२ टाकायचं आणि मोकळं व्हायचं, सगळेच करतात. प्रिंटरवर ते खपून जातं कारण नोझल तोच, मटेरियल बहुधा तेच, त्यामुळे चूक दर वेळी सारखीच येते. राउटरवर टूल बदलतं, आणि टूल बदललं की चूकही बदलते. सगळ्या प्रकरणाचं मूळ हेच आहे, पण ते आम्हाला दिसलं जरा उशिरा.

मशीन म्हणजे ते सगळीकडे मिळणारं ३०१८, नावातच माप आहे, ३०० बाय १८० एमएमचा बेड आणि झेड साधारण ४५. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, बिट फिरवायला ७७५ मोटरचं स्पिंडल, बिट पकडायला ईआर११ कॉलेट, कंट्रोलरवर मशीन हलवणारं जीआरबीएल नावाचं सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअर म्हणून त्याने आधी फ्यूजन बघितलं होतं कारण बहुतेक व्हिडिओ त्याचेच असतात, पण त्याचा लॅपटॉप लिनक्सवर आणि फ्यूजनची लिनक्ससाठी अधिकृत आवृत्ती नाही. शिवाय फुकटच्या वैयक्तिक लायसन्समध्ये एका वेळी १० च डॉक्युमेंट एडिट करता येतात आणि जी-कोडमधल्या (मशीनला द्यायच्या आज्ञांच्या फाइलीतल्या) रॅपिड, म्हणजे न कापता जलद सरकायच्या हालचाली फीडच्या, म्हणजे कापायच्या वेगाने निघतात. खरं सांगायचं तर ३०१८ सारख्या मशीनला या दुसऱ्या गोष्टीने फारसा फरक पडत नाही, त्याचा रॅपिड तो काय असणार! पण असो, त्याने फ्रीकॅड धरलं आणि ते बरं झालं असं माझं मत. एक त्रास मात्र झाला. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रीकॅडची १.० आवृत्ती आली त्यात आधीचं 'पाथ' नावाचं वर्कबेंच (कामाचा विभाग) 'कॅम' झालं, आणि जुन्या सगळ्या व्हिडिओत पाथ पाथ चालू, हा बिचारा मेनूमध्ये पाथ शोधत बसलेला.

आता मूळ तपासणीकडे. मी त्याला पहिल्यांदा ड्रॉइंग उघडायला लावलं, मशीन नाही. स्केच बघितलं तर हिरवं झालेलंच नव्हतं. फ्रीकॅडमध्ये स्केच (सपाट रेखाटन) पूर्ण बांधलं गेलं, म्हणजे त्यातलं प्रत्येक माप आणि जागा ठरली, की हिरवं होतं, नाहीतर किती डिग्री ऑफ फ्रीडम, म्हणजे मोकळ्या गोष्टी शिल्लक आहेत ते सांगतं. एक आयत घ्या, चार रेषा, कोपरे जोडलेले, आडव्या रेषा आडव्या आणि उभ्या रेषा उभ्या असं बांधलं तरी चार गोष्टी मोकळ्या राहतात, लांबी, रुंदी आणि तो आयत कागदावर कुठे आहे त्याचे एक्स-वाय. याने लांबी-रुंदी दिली होती, बाकी माउसने ओढून "साधारण मध्ये" ठेवलं होतं. दुसऱ्या पॉकेटचा मध्यबिंदूही कडेपासून मोजून दिलेला नव्हता. म्हणजे तो २२ चे २२.२ करताना बाकीचं जागेवर राहिलं हे निव्वळ नशीब. कन्स्ट्रेंट ही काही नवीन फॅशन नाही, आयव्हन सदरलँडच्या १९६३ च्या स्केचपॅडमध्ये, म्हणजे स्क्रीनवर चित्र काढायच्या अगदी सुरुवातीच्या प्रोग्राममध्येही रेषांना अशा अटी घालता येत होत्या. तरी नवीन शिकणारा हे टाळतो कारण न बांधलेलं स्केचही पॅड होऊन (जाडी मिळून) थ्रीडी दिसतं, आणि थ्रीडी दिसलं की झालं असं वाटतं.

स्केच नीट बांधलं. पण याने खुळखुळ जाणार नव्हती हे मला माहीत होतं, ते फक्त घर आवरून घेतलं.

मग मी त्याला दोन्ही प्लेट व्हर्नियरने मोजायला सांगितल्या, आणि फक्त पॉकेट नाही, सगळं मोजायचं. बाहेरची रुंदी, पॉकेटचा व्यास एक्सच्या दिशेने आणि वायच्या दिशेने वेगवेगळा, आणि दोन बोल्ट-भोकांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर. हा जरा वैतागला, "बाहेरच्या मापाचं काय करायचंय, मला बेअरिंगची पडलीय." पण उत्तर बाहेरच्या मापातच होतं. सगळ्यात पहिली, २२ च्या ड्रॉइंगची प्लेट त्याने सुदैवाने फेकली नव्हती. तिची रुंदी ८० च्या जागी जवळपास ८०.२ आली आणि पॉकेट २२ च्या जागी साधारण २१.८. भोकांमधलं अंतर ड्रॉइंगप्रमाणे ६० आणि मोजून ६०.

हे तीन आकडे एकत्र वाचले की निम्मी तपासणी संपते, म्हणून यावर जरा थांबतो.

मशीनचं स्टेप्सचं गणित, म्हणजे एका एमएमला मोटरने किती पावलं टाकायची ते चुकलं असतं तर सगळी मापं एकाच दिशेने आणि प्रमाणात चुकली असती. २२ मध्ये ०.२ कमी म्हणजे ८० मध्ये जवळजवळ ०.७ कमी यायला हवं होतं, आणि भोकांमधलं अंतरही कमी यायला हवं होतं. तसं काही नाही. दोन मध्यबिंदूंमधलं अंतर हा फार उपयोगी आकडा आहे कारण त्यावर टूलच्या व्यासाचा काहीच परिणाम होत नाही, बिट जाड असो की बारीक, मध्य तिथेच. ते बरोबर आलं म्हणजे स्टेप्स बरोबर. तरी खात्रीसाठी गणित केलं, मोटर एका फेऱ्यात २०० स्टेप्स, ड्रायव्हर १६ मायक्रोस्टेपवर (प्रत्येक स्टेपचे १६ भाग) म्हणजे ३२००, आणि टेबल सरकवणारा लीडस्क्रू एका फेऱ्यात ४ एमएम पुढे जातो, म्हणजे एका एमएमला ८००. जीआरबीएलच्या सेटिंगमध्ये १०० नंबरला, जिथे एक्सच्या स्टेप्स असतात, तिथे ८०० च होतं. हा त्याआधी तिथे बोटं घालायच्या तयारीत होता, कारण कुठल्यातरी व्हिडिओत "माप चुकलं तर स्टेप्स कॅलिब्रेट करा" असं ऐकलेलं. पॉकेट मोजून स्टेप्स बदलणं हा माझ्या मते हौशी लोकांतला सगळ्यात महाग पडणारा उद्योग आहे, एक माप जुळतं आणि बाकीची सगळी बिघडतात.

आतलं माप लहान, बाहेरचं मोठं, आणि दोन्हीतला फरक जवळजवळ तेवढाच. असं बहुतेक वेळा एकाच कारणाने होतं, ते म्हणजे कॅमला सांगितलेला टूलचा व्यास आणि खरा व्यास वेगळा. सॉफ्टवेअर काय करतं बघा. २२ चं पॉकेट आणि टूल ३.१७५ असं सांगितलं की ते बिटचा मध्य १८.८२५ व्यासाच्या वर्तुळावर फिरवतं. बिट खरंच ३.१७५ असेल तर पॉकेट २२. पण बिट ३.० असेल तर १८.८२५ अधिक ३, म्हणजे २१.८२५. बाहेरच्या बाजूला उलटं, तिथे मध्य बाहेरून फिरतो, त्यामुळे बारीक बिट कमी कापतं आणि प्लेट मोठी राहते, ८०.१७५.

"पण बिट ३.१७५ चंच आहे, पाकिटावर लिहिलंय." पाकीट मागवून बघितलं. लिहिलेलं होतं ते शँकचं, म्हणजे कॉलेटमध्ये पकडायच्या दांड्याचं माप. या छोट्या बिट्सचा शँक १/८ इंच म्हणजे ३.१७५ एमएम असतो आणि पुढची कापणारी धार ३ ची, २ ची, १ ची, काहीही असू शकते. त्याच पाकिटातलं न वापरलेलं बिट व्हर्नियरमध्ये धरलं तर धारेवर ३.०. तुटल्यावर जे दुसरं लावलं ते वेगळ्या पाकिटातलं, ते धारेवरही खरोखर ३.१७५ होतं. आता सगळं जुळलं. टूल लायब्ररीत (कॅममधल्या बिटांच्या यादीत) ३.१७५, ड्रॉइंगमध्ये २२.२, बिट ३.० असताना पॉकेट २२.०२५ यायचं, बेअरिंग मस्त बसायचं. बिट ३.१७५ लावल्यावर सॉफ्टवेअरने मागितलेलं २२.२ तंतोतंत मिळालं आणि बेअरिंग खुळखुळलं. म्हणजे ज्या दिवशी माहिती खरी झाली त्या दिवशी जॉब बिघडला! दोन चुका एकमेकींना झाकून बसल्या होत्या.

त्याचा पुढचा प्रश्न रास्त होता, "मग सिम्युलेशनमध्ये का नाही दिसलं?" सिम्युलेटर (स्क्रीनवर कापून दाखवणारा प्रोग्राम) फ्रीकॅडचा असो की कॅमोटिक्स नावाचा वेगळा, त्याला टूलचा जो आकार दिला जातो तोच तो फिरवून दाखवतो. खोटा व्यास दिला तर खोट्या व्यासाने अगदी सुंदर प्लेट कापून दाखवतो. बिट क्लॅम्पला धडकेल का, खोली चुकलीय का, कुठला कोपरा सुटलाय का हे त्यात कळतं, माप बरोबर येईल का हे कळत नाही.

मग दुरुस्ती. इथे मी जरा हट्टीपणा केला. त्याला सोपा उपाय दिसत होता, ३.१७५ च्या बिटसाठी ड्रॉइंगमध्ये २२.०५ टाकायचं आणि ३.० साठी २२.२ ठेवायचं, दोन फाइली. मी नको म्हटलं. ड्रॉइंगमध्ये फक्त वस्तू काय हवीय ते असावं, बिट कुठलं ते ड्रॉइंगला कळताच कामा नये. बेअरिंग २२ आणि त्याला बसायला ०.०५ मोकळीक, हे वस्तूबद्दलचं म्हणणं आहे, ते कॅडमध्ये. बिटचा व्यास कॅमच्या टूल लायब्ररीत. स्क्रूमधला प्ले (ढिलेपणा) मशीनवर पान्याने. चूक ज्या थरात झाली त्याच थरात ती काढायची, नाहीतर एका थरातली चूक दुसऱ्यात लपते आणि काहीतरी बदललं की उसळून वर येते. हिशेबाचा माणूस असल्याने हे त्याला लगेच पटलं, म्हणाला ही तर दुसऱ्याच खात्यात नोंद टाकून ताळेबंद जुळवण्यासारखी गोष्ट झाली.

आणि मग त्याने माझ्यापेक्षा सरस काम केलं. फ्रीकॅडमध्ये स्प्रेडशीट वर्कबेंच आहे, तिथे सेलला नाव देऊन ते नाव स्केचच्या मापात वापरता येतं. याने बेअरिंगचा व्यास एका सेलमध्ये, मोकळीक दुसऱ्यात, प्लायची जाडी तिसऱ्यात असं सगळं लावलं. १२ म्हणून विकला जाणारा प्लाय बऱ्याचदा १२ पेक्षा पातळ भरतो, त्यामुळे जाडी मोजून सेलमध्ये टाकली की आरपार कापायची खोली आपोआप बदलते.

टूल लायब्ररीसाठी मात्र नुसत्या व्हर्नियरवर भागत नाही. बिट कॉलेटमध्ये जरा वाकडं फिरत असेल, म्हणजे रनआउट असेल, तर ३.० चं बिट ३.०५ ची चर पाडतं. म्हणून फालतू तुकड्यात एक सरळ चर, एकाच रेषेत, हळू आणि उथळ, आणि मग चरीची रुंदी मोजायची. हाच कामाचा व्यास. एकाच धारेचं बिट असेल तर ते व्हर्नियरमध्ये नीट धरताही येत नाही, तिथे तर ही चरच खरी. प्रत्येक बिटला आता त्याने नंबर दिलाय आणि मोजलेला व्यास त्या नावाने लायब्ररीत.

हे सगळं करून कापलेल्या प्लेटची रुंदी ८० आली, पण पॉकेट एक्समध्ये बरोबर आणि वायमध्ये साधारण ०.१ ने कमी. म्हणजे अंडाकृती. पहिल्या प्लेटमध्येही हे होतंच, पण मोठ्या चुकीखाली दबलेलं. गोल मार्गात वायची दिशा उलटते तिथे नट आणि स्क्रूमधला प्ले आधी भरून निघतो आणि मगच टेबल हलतं, त्यामुळे त्या दिशेचा प्रवास तेवढा कमी पडतो. काही मोठ्या कंट्रोलरमध्ये हा बॅकलॅश सॉफ्टवेअरने भरून काढायची सोय असते, मूळ जीआरबीएलमध्ये नाही, आणि असती तरी लाकूड कापताना बिटचा जोर टेबलाला मागेपुढे ढकलतोच. वायच्या नटची स्प्रिंग नीट दाबली, मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगचा ग्रब स्क्रू ढिला होता तो आवळला, फरक इतका कमी झाला की प्लायमध्ये मोजायला अर्थ उरला नाही.

कापायच्या पद्धतीतही एक बदल केला. तो आधी पॉकेट एका दमात पूर्ण मापाला कापायचा. आता भिंतीवर ०.२ एमएम शिल्लक ठेवून आधी सगळं उकरायचं आणि मग भिंतीवरून एक शेवटचा फेरा, म्हणजे बिटवर जोर कमी, बिट वाकत नाही. शिवाय फीड वाढवायला लावला. घाबरून हा १५० एमएम प्रति मिनिटाने चालवायचा, १०,००० आरपीएम आणि दोन धारा धरल्या तर प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.००७५ एमएम येतं, एवढ्यात धार कापत नाही, घासते. भिंतींवर काळे डाग होते ते त्याचेच. ०.०३ धरलं तर ६०० एमएम प्रति मिनिट, आणि खोली दर फेऱ्याला १.५. लोडखाली या मोटरचा आरपीएम पडतोच त्यामुळे हिशेब काटेकोर नाही, पण डाग गेले आणि भुशाची पूड न येता बारीक कपचे यायला लागले. कापताना चष्मा आणि मास्क हवाच, आणि फिरत्या बिटजवळ हातमोजे अजिबात नकोत.

पोस्ट प्रोसेसरचा, म्हणजे कॅमचा मार्ग कंट्रोलरला कळेल अशा जी-कोडमध्ये लिहिणाऱ्या भागाचा किस्सा राहिलाच, तो या सगळ्याच्या आधीचा. पहिली फाइल मशीनला पाठवली तेव्हा पहिल्या काही ओळींतच एरर २० येऊन थांबली. कारण त्याने लिनक्ससीएनसीचं पोस्ट निवडलं होतं ("लॅपटॉप लिनक्स आहे ना"), आणि त्यात टूल बदलायची एम६ ओळ येते जी जीआरबीएलला कळत नाही. लिनक्ससीएनसी हा वेगळा कंट्रोलर आहे, लॅपटॉपवर काय आहे त्याचा इथे संबंध नाही. जीआरबीएलचं पोस्ट निवडलं तर पुढे भोकांची जी८१ ओळ अडली, कारण जीआरबीएलला ड्रिलिंगच्या तयार सायकलही माहीत नाहीत. फ्रीकॅडच्या जीआरबीएल पोस्टला ड्रिल ट्रान्सलेट करायचा पर्याय द्यावा लागतो, मग ते जी८१ ची साध्या खाली-वर हालचालींत फोड करतं. जी-कोड हे नाव एकच असलं तरी प्रत्येक कंट्रोलरची बोली वेगळी, फाइल पाठवायच्या आधी पहिल्या वीस ओळी डोळ्यांनी वाचायच्या, जी२१ म्हणजे एमएम आहे ना एवढं तरी बघायचं, नाहीतर मशीन इंच समजून बसलं असेल तर पंचवीसपटीने मोठी उडी मारेल.

स्लायडरच्या दोन्ही प्लेट आता तयार आहेत, बेअरिंग अंगठ्याने जातात आणि प्लेट उलटी केली तरी पडत नाहीत. पुढची अडचण बेल्ट पकडणाऱ्या तुकड्याची आहे, त्यात चौकोनी नट बसायला ५ एमएम खोल चौकोनी खाचा हव्यात आणि ३ च्या बिटने आतल्या कोपऱ्याला १.५ ची गोलाई राहते, म्हणजे नट बसणार नाही. त्याचं म्हणणं १ एमएमचं बिट लावून कोपरे साफ करू. माझं म्हणणं, एवढ्या खोलीला ते बिट या मशीनवर टिकणार नाही, कोपऱ्यांना डॉगबोन दे, म्हणजे कोपरा जरा बाहेरपर्यंत गोल उकर, तसंही नट आत गेल्यावर ते दिसणार नाहीत. तो म्हणतो दिसतं रे, मला माहीत असतं ना तिथे काय आहे ते. १ ची बिटं त्याने मागवलीत, आल्या आल्या चर पाडून व्यास मोजायचा एवढं मात्र ठरलंय.